के-१ वर जावं की इथे लग्न करून सीआर-१ ची वाट बघावी? वर्क परमिट, ट्रॅव्हल परमिटवाल्यांनी बोला

घोडबंदरची:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या. माझं लग्न ठरलंय. मुलगा मूळचा नौपाड्यातला, एमएसला गेला तो तिकडचाच झाला, आता सिटीझन आहे, ओहायोमध्ये असतो. मी ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये एका कंपनीत टेस्टिंगला आहे, लीड व्हायच्या बेतात. त्याचा वकील म्हणतो के-१ करा म्हणजे फियान्से व्हिसा, मी लवकर जाईन आणि पोचल्यापासून ९० दिवसांत तिथे लग्न. त्याची चुलत बहीण म्हणते अजिबात नको, इथे लग्न करा आणि सीआर-१ म्हणजे सिटीझनच्या जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसानेच जा. मी वाचलं त्यावरून के-१ वाल्यांना लग्नानंतर ग्रीन कार्डचा अर्ज टाकावा लागतो आणि मग वर्क परमिट येईपर्यंत नोकरी नाही, ट्रॅव्हल परमिट येईपर्यंत भारतात येणं नाही. किती महिने ते कुणी धड सांगत नाही. आजी ८६ ची आहे, तिचं सगळं आई एकटी करते. आणि कॉलेज संपल्यापासून मी पगाराशिवाय एक महिना काढलेला नाही. त्यात आत्याचं म्हणणं लग्न ठाण्यातच दणक्यात झालं पाहिजे. ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा. कायदा नेटवर आहे, रोजचा दिवस कसा जातो ते सांगा.

खारीगाव_टोलनाका:
आधी अभिनंदन! विषयातलं मला काही कळत नाही पण ऐरोलीचा पार्किंग पास सोडणार असशील तर पहिलं मला सांग.

टेक्सासची_सून:
मी के-१ वर आलेली आहे म्हणून लिहिते. अगं सुरुवातीचा काळ मस्त जातो. लग्न, नवं घर, इकडे फिर तिकडे फिर. मग आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डच्या अर्जाचा गठ्ठा जातो, सोबत आय-७६५ म्हणजे वर्क परमिटचा आणि आय-१३१ म्हणजे प्रवासाचा अर्ज, बोटांचे ठसे देऊन येतो आपण, आणि त्यानंतर काहीच होत नाही. म्हणजे खरंच काही नाही. नवरा ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि टीव्ही. मी कळव्याहून सकाळची लोकल पकडून फोर्टात ऑडिटला जाणारी बाई, मला साधं दूध आणायला कुणाची तरी गाडी लागायला लागली.

सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू का, पैसे. नवरा चांगलाय, कधी एका शब्दाने बोलला नाही. पण आईला वाढदिवसाला साडी पाठवायची तर त्याच्या कार्डावरून, आणि मग त्याला विचारायचं की नुसतं सांगायचं इथेच मी अडायचे. इकडे माहेरच्या बँकेत माझी स्वतःची एफडी पडलेली होती. तेव्हा पहिला सल्ला, जाताना स्वतःचे पैसे स्वतःच्या नावावर घेऊन जा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नसतं, पण काही महिन्यांचा खर्च तरी हाताशी असावा.

माझं वर्क परमिट आधी आलं, प्रवासाचा कागद नंतर बऱ्याच दिवसांनी. पूर्वी दोन्ही मिळून एकच कॉम्बो कार्ड यायचं, आता बहुतेक वेगवेगळं येतं. या मधल्या काळात बहिणीचं डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर बघितलं. नेट गेलं तेव्हा नेमकी ती झोपाळ्यावर बसत होती.

पण तरी मी के-१ ला वाईट म्हणणार नाही. आम्ही एकत्र होतो. ते कशात मोजायचं?

नेरूळचे_अप्पा:
मुली, एवढा विचार कशाला? डिसेंबरात मुलगा येईल तेव्हा इथे रीतसर वैदिक पद्धतीने लग्न उरकून घ्या, आत्याबाई खूश. रजिस्ट्रेशन मात्र करू नका. मग तू कागदोपत्री कुमारीच, के-१ वर जा आणि तिकडे कोर्टात लग्न करा. दोन्ही साधलं. आमच्या सोसायटीत एकांनी असंच केलं असं ऐकलं.

वकीलसाहेब_नाही:
अप्पा, माफ करा पण हा सल्ला धाग्यावर राहू देऊ नका. हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम ७ वाचा. सप्तपदी हा विधीचा भाग असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. नोंदणी हा पुरावा आहे, नोंदणी केली नाही म्हणून लग्न झालंच नाही असं होत नाही, कलम ८ मध्ये ते स्पष्ट आहे. आणि के-१ ची मूळ अटच ही की दोघं अजून विवाहित नाहीत आणि लग्नाला मोकळे आहेत. बीकेसीला कॉन्सुलेटच्या खिडकीत फोटो बघितले आणि त्यात अंतरपाट, मंगळसूत्र, होम दिसला तर तिथेच अडकलात. झालेलं लग्न लपवलं तर प्रकरण नकारावर थांबत नाही, खोटी माहिती दिल्याचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जावर येतो.

साखरपुडा करा, बिनधास्त करा. तो उलट पुरावा म्हणून चालतो. गेल्या दोन वर्षांत एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेलो आहोत हेही के-१ ला दाखवावं लागतं, त्याला हेच फोटो लागतात. फक्त हॉलवर पाटी 'शुभविवाह' लावू नका.

नेरूळचे_अप्पा:
म्हणजे सहा पावलं चालून थांबायचं का? 😀 ठीक आहे हो, शब्द मागे. आमच्या सोसायटीतल्यांचं पुढे काय झालं ते विचारून येतो.

ट्रान्सहार्बर:
मी नवरा आहे, गेलो तो सीआर-१ वर बायकोच्या मागे. हो, असंही असतं. कोपरखैरणेचा. बायको सिटीझन, लग्न इथे केलं, महापालिकेच्या विभाग कार्यालयात नोंदणी केली, तिने तिकडून आय-१३० म्हणजे जोडीदारासाठीचा अर्ज टाकला. तो मंजूर झाल्यावर फाइल एनव्हीसी म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे, तिथे फी, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, तिचं आय-८६४ म्हणजे नवऱ्याला पोसायची हमी 🙂, माझं पीसीसी म्हणजे पोलिसांचा दाखला, मेडिकल, मग बीकेसीला मुलाखत. सगळं मिळून वर्षाच्या वर बरंच गेलं. पण त्या सगळ्या काळात मी रोज ठाण्याहून गाडी पकडून नोकरीवर जात होतो, पगार चालू, पीएफ चालू, मधे एक इन्क्रिमेंटही झालं.

उतरल्यावर काय होतं ते बघा. पासपोर्टमधल्या इमिग्रंट व्हिसावर विमानतळाचा शिक्का पडला की तेच वर्षभराचं ग्रीन कार्ड. कार्ड टपालाने नंतर येतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकतोस आणि महिन्याभरात परत ठाण्याला यायची वेळ आली तरी येऊ शकतोस. वर्क परमिट, ट्रॅव्हल परमिट ही भानगडच नाही. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं, कंडिशनल, त्याच्या शेवटच्या ९० दिवसांत आय-७५१ म्हणजे ती अट काढायचा अर्ज टाकायचा. पण ते के-१ वाल्यांनाही सुटत नाही.

खर्चाचंही बघ. एप्रिल २०२४ ला लागू झालेले दर धरून सांगतो. के-१ मध्ये आय-१२९एफ म्हणजे फियान्सेच्या अर्जाचे ६७५ डॉलर, व्हिसाचे २६५, नंतर आय-४८५ चे १४४०, वर्क परमिटचे २६०, प्रवासाच्या कागदाचे ६३०. सीआर-१ मध्ये आय-१३० कागदावर ६७५, व्हिसाचे ३२५, हमीपत्राच्या तपासणीचे १२०, इमिग्रंट फी २३५. मेडिकल आणि वकील दोन्हीकडे वेगळे. बेरीज तूच कर.

नेरूळचे_अप्पा:
केली. ३२७० विरुद्ध १३५५ डॉलर. निम्म्याहूनही कमी. आणि वर त्या तिकडच्या महिन्यांत बुडणारा पगार धरलाच नाहीये. मुली, प्रश्न सुटला.

टेक्सासची_सून:
अप्पा, संसाराचा ताळेबंद असा मांडता येत नाही हो. ट्रान्सहार्बर, तुमचं सगळं मान्य, पण लग्न होऊन नवरा पंधरा दिवसांत विमानात आणि आपण माहेरी की सासरी तेच कळत नाही, हे बाईच्या बाजूने बघा. माझी मैत्रीण सीआर-१ वाली. सासर ऐरोलीला, माहेर डोंबिवलीला. सणाला कुठे, आजारी पडली तर कुठे, आणि जो भेटेल तो 'अजून इथेच?' विचारणार. तिने शेवटी लग्नांना जाणं बंद केलं. आणि मधे भेटायला जाईन म्हणून टुरिस्ट व्हिसा मागितला तर आय-१३० आत असताना तो मिळणं फार कठीण, कारण परत येणार हे पटवायचं कसं? भेटायचं तर नवऱ्यानेच यायचं, त्याची सुट्टी किती ते आधी विचार.

ट्रान्सहार्बर:
'अजून इथेच?' मलाही सगळ्यांनी विचारलं. पुरुषाला तर जास्त विचारतात, वर हसतात. पण तो प्रश्न स्वतःच्या पगाराच्या स्लिपसकट ऐकणं आणि परक्या गावात सोफ्यावर बसून ऐकणं यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं. वाट दोन्हीकडे बघायचीच आहे. ती कुठे बसून बघायची ते ठरव.

चुलीवरचं_पिठलं:
मग टुरिस्ट व्हिसा आधीच असेल तर त्याच्यावर जाऊन तिकडेच लग्न करून अर्ज टाकायचा की. आमच्या ओळखीत एकीने केलं, काही झालं नाही.

वकीलसाहेब_नाही:
फिरायला जातेय असं अधिकाऱ्याला सांगायचं आणि मनात तिथेच राहायचं, हे खोटं बोलून प्रवेश घेणं झालं. पकडलं नाही म्हणजे चालतं असं नाही. धागाकर्तीने हा रस्ता विचारलेलाही नाही. पुढे चला.

म्युनिकमधली_मालवणी:
जर्मनीचं सांगू का, थोडं वेगळं म्हणून. फॅमिली रियुनियनला ए१ म्हणजे पहिल्या पातळीचं जर्मन लागतं. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात शनिवारचा क्लास लावला, नेरूळ ते सीएसएमटी हार्बरने, घरी यायला संध्याकाळ. नवऱ्याकडे ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांचं वर्क परमिट असेल तर बायकोला ए१ ची सक्ती नाही, माझ्या नवऱ्याकडे नव्हतं. पण इथे आल्यावर रेसिडेन्स परमिटवरच काम करायची परवानगी लिहिलेली असते, वेगळा अर्ज नाही. अडतं ते कार्डाचं नूतनीकरण लांबलं की. तेव्हा एक हिरवट घडीचा कागद देतात, फिक्सियोन्स-बेशायनिगुंग, त्यात कोणत्या परिच्छेदावर खूण आहे ते बघायचं. ८१ कलमाचा परिच्छेद ४ असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ असेल तर नाही. सारखाच कागद, खूण वेगळी. तिकीट काढायच्या आधी ती खूण बघा बायांनो.

पिकॅडिली_पावसाळा:
यूके: स्पाउस व्हिसावर पहिल्या दिवसापासून काम करता येतं. बाहेरून अर्ज केला तर ३३ महिन्यांचा मिळतो. पण जोडीदाराची मिळकत ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड लागते आणि हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आधीच. नंतर मुदतवाढीचा अर्ज आत असताना नोकरी चालू राहते पण देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. माझ्या चुलतभावाची मुंज अशीच हुकली.

सिडनीकर_साने:
ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसाचा अर्ज देशात राहून केला की ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो, त्यावर काम करता येतं पण बाहेर गेलात तर परत येता येत नाही. त्यासाठी निघायच्या आधी ब्रिजिंग व्हिसा बी वेगळा घ्यायचा. सगळे देश इथूनतिथून सारखेच. काम एकवेळ करू देतील, घरी जाऊ देणार नाहीत.

एच४_पण_बोलणारच:
सगळे सारखे कुठे? आमचं उलटं! एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर, घरी पाहिजे तेव्हा या, व्हिसा स्टॅम्प असला की झालं. पण काम नाही. २६ मे २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४० म्हणजे कंपनीने टाकलेला ग्रीन कार्डसाठीचा अर्ज मंजूर आहे किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलाय त्यांना एच-४ ईएडी म्हणजे वर्क परमिट मिळतो, बाकीच्यांनी स्वयंपाकाचे व्हिडिओ काढावेत. एल-२ वाल्यांना, म्हणजे कंपनीने बदलीवर आणलेल्यांच्या जोडीदारांना, नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं ईएडी लागत नाही, आय-९४ म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर एल-२एस असलं की काम करता येतं. आम्ही त्यांच्याकडे बघून सुस्कारे सोडतो. के-१ वालीला मात्र काही काळ दोन्ही नसतं, काम नाही आणि प्रवासही नाही, त्यामुळे तुमच्यापुढे माझं रडगाणं बंद.

खारीगाव_टोलनाका:
स्वयंपाकाच्या व्हिडिओतून पैसे आले तर ते काम धरतात का?

एच४_पण_बोलणारच:
धरतात. म्हणून फक्त फोटो टाकते. अळूवडी, बिनपगारी.

घोडबंदरची:
बापरे, इतकी उत्तरं, सगळ्यांना थँक्यू. एक उपप्रश्न. माझा मॅनेजर म्हणाला तिकडे गेलीस तरी रिमोट काम चालू ठेव, पगार इथल्याच खात्यात देतो, कुणाला काय कळतंय. मग वर्क परमिटची वाट बघायचा प्रश्नच नाही ना?

वकीलसाहेब_नाही:
आहे. पगार वाशीच्या बँकेत जमा झाला तरी काम करणारी खुर्ची ओहायोत असते. के-१ वर आलेलीला परमिटच्या आधी काम करायची मुभा नाही आणि कंपनी कुठल्या देशातली याने ते आपोआप सुटत नाही. आयकर दोन्हीकडे लागतो तो वेगळाच गुंता. शिवाय ग्रीन कार्डच्या फॉर्मवर नोकरीचा इतिहास विचारतात, तिथे काय लिहिणार? मॅनेजरचं काही जात नाही, अर्जावर सही तुझी आहे. इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन हा एक प्रश्न विचार आणि उत्तर ईमेलवर घे. कंपनीच्या एचआरलाही विचार, लॅपटॉप देशाबाहेर नेऊन काम करायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

कोलशेतची_सासू:
मी वेगळीच बाजू सांगते. माझी सून पोलंडची. मुलगा तिकडे शिकायला गेला होता, दोघं इथे येऊन राहिली, कोलशेतला आमच्याबरोबर. तुम्ही सगळ्या तिकडे जाऊन थांबता, ती बिचारी इथे येऊन थांबलेली. एंट्री व्हिसावर आली, १४ दिवसांच्या आत एफआरआरओ म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयाची नोंदणी ऑनलाइन केली, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटीझन ऑफ इंडिया कार्ड मिळालं की करता येईल, आणि परदेशी नवऱ्याला-बायकोला ओसीआयला लग्नाची नोंदणी होऊन लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. म्हणजे दोन वर्षं शिकलेली सवरलेली मुलगी घरात.

मी आधी म्हणायची काय हरकत आहे, आराम कर. एकदा तिने मला विचारलं, तुम्ही रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी कशा होत्या? मी ठाणे जिल्हा परिषदेत नोकरी केलेली बाई, पहिल्या वर्षी घरातल्या सगळ्यांवर ओरडत होते. मग मला कळलं. तिला मी जांभळी नाक्याच्या बाजाराला एकटीला पाठवायला लागले, पैसे हातात देऊन, हिशोब न विचारता. आता ती भाजीवालीशी माझ्याहून जास्त घासाघीस करते. तर घोडबंदरची, तुझ्या होणाऱ्या सासूला हा प्रतिसाद वाचायला दे.

टेक्सासची_सून:
काकू, हिशोब न विचारता हे किती मोठं आहे तुम्हाला माहीत नाही. 🙏

तलावपाळी:
उशिरा आलो. तिकडून परत येण्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो कारण धागाकर्तीच्या आजीचा मुद्दा मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझ्या बायकोचा के-१ नंतरचा आय-४८५ पेंडिंग होता, प्रवासाचा कागद म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल आलेला नव्हता, आणि ठाण्याहून फोन आला की तिच्या वडिलांना ॲडमिट केलंय, बायपास करायची म्हणतात. पहिली प्रतिक्रिया तिकीट काढ आणि नीघ. ते करायचं नसतं. कागद हातात नसताना निघालीस तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं धरतात आणि के-१ चा व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो, त्यावर परत येता येत नाही. म्हणजे पुन्हा शून्यापासून, तेही वेगवेगळ्या खंडांत राहून. एच-१ किंवा एल-१ वाल्यांना यातून सूट आहे, के-१ ला नाही. त्यामुळे ऑफिसातले मित्र 'मी तर गेलो होतो, काही होत नाही' म्हणतील, त्यांचं ऐकायचं नाही.

आम्ही यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन लावला. १५ दिवसांच्या आत निघायची निकड असेल तर जवळच्या फील्ड ऑफिसची तातडीची अपॉइंटमेंट मागता येते. फोनवर आधी मशीन बोलतं, त्याच्याशी भांडू नका, माणूस येईपर्यंत 'इमर्जन्सी' म्हणत राहा. अपॉइंटमेंटला नवा भरलेला आय-१३१, फी, पासपोर्ट साइज फोटो, आधीच्या अर्जाची पावती आणि हॉस्पिटलचं पत्र. पत्रावर सगळं अवलंबून. 'पेशंट ॲडमिट आहे' एवढ्याने भागत नाही. लेटरहेडवर, पेशंटचं नाव, आजार, ऑपरेशनची तारीख, डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, आणि मुलीने येणं का गरजेचं आहे त्याचं एक वाक्य. इंग्रजीत. मेहुण्याने वॉर्डाबाहेर उभं राहून ते लिहून घेतलं, पहिल्या पत्रावर तारीखच नव्हती, दुसरं घ्यायला परत पाठवला. नातं दाखवायला तिचा जन्मदाखला लागला, तो आईने कपाटातून काढून स्कॅन करायला खाली झेरॉक्सवाल्याकडे नेला. कागद मिळाला. हमखास मिळतोच असं कुणी धरू नये, अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. सासरे आता सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतात आणि मला वजनावरून बोलतात.

तर के-१ वर जाणार असशील तर निघायच्या आधी आजीचे आणि आईचे आधार, तुझा जन्मदाखला, आईचाही, फॅमिली डॉक्टरचा नंबर, सगळं एका फोल्डरमध्ये आईला आणि एका विश्वासू भावंडाला देऊन जा. तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

आणि एक वाईट पण खरं. आजीसाठी तातडी मागायला आई-वडिलांपेक्षा जास्त समजावावं लागू शकतं. हे मनात धरून निर्णय घे.

घोडबंदरची:
तलावपाळी, हे वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली आजीचं मी बघते तू माझं बघू नकोस. म्हणजे काय ते कळलंच.

नेरूळचे_अप्पा:
सोसायटीतल्यांचं विचारून आलो. त्यांनी तसलं काही केलंच नव्हतं, मुलगी एच-४ वर गेली. लोक काहीही सांगतात.

मामलेदार_दोन_पाव_जास्त:
अवांतर, पण पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव लावायची घाई करू नकोस. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही व्हिसाचा नियम नाही. आमच्याकडे अर्ज एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या, डिग्री तिसऱ्याच स्पेलिंगने, मग प्रतिज्ञापत्रांची माळ. सगळं आटपल्यावर हौस करा.

ट्रान्सहार्बर:
+१. आणि केस स्टेटस दिवसातून एकदाच बघायचं. मी ऑफिसात दर तासाला बघायचो, ठाणे स्टेशनात इंडिकेटरकडे मान वर करून उभं राहिल्यासारखं, बघितल्याने गाडी लवकर येत नाही.

घोडबंदरची:
काल त्याच्याशी रात्री दोनपर्यंत बोलले. तो आधी नाराज झाला, वकिलाला पहिला हप्ताही देऊन बसलाय. मी त्याला सरळ सांगितलं की मला तुझ्याबरोबर राहायचंय पण तुझ्याकडे पैसे मागत राहायचं नाहीये, आणि आजीला काही झालं तर मला फॉर्म भरत बसायचं नाहीये. तो म्हणाला मग तू वर्षभर तिकडे आणि मी इकडे, हे तुला चालणार का? म्हटलं चालणार नाही, पण झेपेल. शेवटी डिसेंबरात ठाण्यातच लग्न, मग आय-१३०. तो वर्षातून दोनदा यायचं बघतो म्हणालाय, लेखी घेणार आहे 😀. आत्या सोडून कुणीच पूर्ण खूश नाही.

आता प्रश्न, त्याला तीनच आठवडे सुट्टी आहे. कोर्ट मॅरेज करून घ्यावं का, सर्टिफिकेट लगेच मिळेल म्हणून?

वकीलसाहेब_नाही:
तीन आठवड्यांत बसणार नाही. स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ मध्ये नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस देताना दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं. वास्तव्य तुझं आहेच पण नोटिशीचे ३० दिवस त्याच्या सुट्टीत मावत नाहीत. तुम्ही दोघं हिंदू आहात तर वैदिक लग्न करा आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली ठाणे महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात नोंदणी करा. नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार, भटजींची सही, लग्नाचा फोटो, पत्रिका. तो परदेशी नागरिक आहे म्हणून त्याच्यासाठी आणखी काय लागेल ते तो यायच्या आधीच, आत्ताच, कार्यालयात जाऊन विचार आणि यादी लिहून घे. लग्न त्याच्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, शेवटच्या रविवारी नाही. मुहूर्ताचं आत्याला तू समजाव.

टेक्सासची_सून:
छान केलंस. मी असते तर तरी के-१ च केलं असतं, पण ते माझं. लग्नाचे फोटो इथे टाक.

नवीन_पनवेल_सेक्टर_११:
माझा होणारा नवरा सिटीझन नाही, ग्रीन कार्डवर आहे. आम्हालाही हेच लागू का?

ट्रान्सहार्बर:
नाही. के-१ फक्त सिटीझनसाठी. ग्रीन कार्डवाल्याची बायको एफ२ए नावाच्या वर्गात येते, तिथे दरवर्षीचा कोटा आहे, त्यामुळे व्हिसा बुलेटिनमधल्या तारखा बघत बसावं लागतं. तो सिटीझन झाला की तीच फाइल वरच्या वर्गात जाते. वेगळा धागा काढ, तिथे लिहितो.

घोडबंदरची:
शेवटचं. पीसीसी आत्ताच काढून ठेवू का? वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र घराजवळ आहे, शनिवारी जाऊन येते.

ट्रान्सहार्बर:
एवढ्यात नको. त्याचीही मुदत असते आणि मुलाखत लांब आहे. एनव्हीसीने कागद मागितले की काढ. शनिवारी प्रभाग समिती बंद असते, तिकडे सोमवारी हाफ डे टाकून जा.